सलग सात पराभवांचा हिवाळा

परवा पहाटे मी एसी बंद केला. मे महिन्यापासून अखंड घरघरणारं ते यंत्र गप्प झालं आणि घरात इतर आवाज ऐकू यायला लागले. वरच्या मजल्यावरचं बाळ रडत होतं, गच्चीवरच्या टाकीत पाणी पडत होतं, आणि खाली पार्किंगमध्ये कुणीतरी गाडीची डिकी दणकन आपटली. मी खिडकी उघडली. कुवेतच्या मंगफमध्ये खिडकी उघडणं हीच मुळात एक घटना असते. पाच महिने तिच्या काचेला हात लावला तर चटका बसतो. आता गार वारा आत आला. त्याला थोडा समुद्राचा आणि थोडा रिफायनरीचा वास होता. खाली आमच्या इमारतीतले तिघेजण किटची लांबलचक बॅग गाडीत कोंबत होते. एका बॅटची मूठ बाहेरच राहत होती.

आमच्याकडे ऋतू दोनच. एसी चालू आणि एसी बंद. दुसऱ्या ऋतूला आम्ही क्रिकेटचा हंगाम म्हणतो. शुक्रवारी सकाळी साडेसहाला नाणेफेक, वीस-वीस षटकं, आणि अकराच्या आत सगळं आटोपलेलं, कारण त्यानंतर जुम्याची नमाज असते आणि अर्ध्या संघाला मशिदीत जायचं असतं. हे मार्चअखेरपर्यंत चालतं. मग ऊन परत येतं आणि माणसं आपापल्या एसीत जाऊन बसतात.

हा वारा सुटला की मला आमच्या टीमने जिंकलेले हंगाम आठवत नाहीत. जिंकलेले हंगाम एकसारखे असतात, फोटो काढून संपतात. मला दरवर्षी आठवतो तो सलग सात सामने हरलेला हिवाळा.

टीमचं नाव देश-कोकण इलेव्हन. निम्मे खेळाडू पुण्या-नाशकाकडचे, तेल कंपन्यांमधले इंजिनियर. निम्मे रत्नागिरी-रायगडचे मुसलमान, दुकानांत, गोदामांत, कुरियरमध्ये काम करणारे. नावात ‘देश’ आधी का, यावर कोकणवाल्यांनी एक अख्खी संध्याकाळ वाद घातला होता. शेवटी जर्सीवर ‘कोकण’ मोठ्या अक्षरांत छापायचं ठरलं तेव्हा कुठे मिटलं. टीम उभी केली बापटसाहेबांनी. त्या हिवाळ्याच्याही वीस वर्षं आधी, मंगफच्या दक्षिणेला वाळवंटाच्या कडेला, सिमेंटच्या पट्टीवर काथ्याची मॅट अंथरून. तेच कॅप्टन, तेच सलामीचे फलंदाज. माझा नवरा सुधीर टीमचा मॅनेजर. तो स्वतः खेळत नाही. मैदानाची वेळ मिळवणं, पंचांना फोन करणं, पाणी आणणं आणि गुरुवारी संध्याकाळी अकरा नावं ठरवणं हे त्याचं काम.

आणि मी गुणलेखक. माझे वडील नाशिकला शाळेत पी.टी. शिकवायचे आणि रविवारी सामन्यांचं गुणलेखन करायचे. मी आठ वर्षांची असल्यापासून त्यांच्या शेजारी बसून टिंबं काढत होते. धाव नाही तर टिंब, वाइड असेल तर अधिकची खूण. हातात कधी बॅट धरली नाही, पण कोण कुठल्या चेंडूवर बाद होणार हे मला बरेचदा गोलंदाजाने पळायला सुरुवात केली की कळतं. यात फुशारकी नाही. चाळीस वर्षं एखादी गोष्ट डोळे उघडे ठेवून पाहिली की ती कळायला लागते.

तर, माझी मतं. तेव्हाही ठाम होती, आजही आहेत.

पहिलं, बापटसाहेबांनी सलामीला खेळता कामा नये. वय चौपन्न. चेंडू पडून वर येईपर्यंत त्यांची बॅट अजून मागेच असायची. दुसरं, गणेशला सुरुवातीलाच सलग चार षटकं देऊन पिळून काढायचं बंद करायला हवं. गणेश दोन्ही गटांत न बसणारा, बीडकडचा, दक्षिणेकडच्या वफ्र्याच्या एका शेतावर ग्रीनहाऊस सांभाळायचा. पस्तिशीतला, काटक, आमचा एकमेव खरा वेगवान गोलंदाज. आठवडाभर त्या काचेखाली काकड्या-टोमॅटोत वाकून काम करून तो शुक्रवारी पहाटे कुणाच्या तरी पिकअपमधून तासभर प्रवास करत यायचा. येताना माझ्यासाठी काकड्यांची पिशवी आणायचा. चौथ्या षटकानंतर तो येऊन वाळूत बसकण मारायचा.

“वहिनी, दमायलोय हो,” म्हणायचा. “शेवटाला माझ्यात काहीच उरंना.”

तिसरं मत इक्बालबद्दल. इक्बाल मुकादम दापोलीकडचा, डावखुरा, अडतीस-चाळीसचा. शहराकडच्या रिग्गई भागातल्या एका बकाल्यात, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, कामाला. त्याच्यासारखा कव्हर ड्राइव्ह आमच्या लीगमध्ये कुणाचा नव्हता. बॅट खाली यायची, आवाज यायचा आणि चेंडू वाळूवर रेघ ओढत निघून जायचा. आणि हा माणूस आठव्या क्रमांकावर फलंदाजीला यायचा! तोवर सामना गेलेला असायचा. तो पंधरा-वीस नाबाद धावा करून परत येऊन पॅड सोडायचा, एक शब्द न बोलता.

चौथ्या पराभवानंतर मी सुधीरला स्वयंपाकघरात गाठलं. तो कांदा चिरत होता, म्हणजे कुठे जाऊ शकत नव्हता.

“इक्बालला तीनला का नाही पाठवत?”

“तो उशिरा येतो, शैला. साडेसातच्या आधी पोचतच नाही. आपली पहिली फलंदाजी आली तर तीन नंबरला कुणाला उभं करू?”

“का उशिरा येतो?”

“दुकानाचं काहीतरी असतं त्याचं.”

“काहीतरी म्हणजे काय?”

सुधीर कांदा चिरत राहिला. त्याने कधी विचारलंच नव्हतं. आमची मुलगी ईशा टेबलाशी अभ्यास करत होती. वही खाली न ठेवता म्हणाली, “आई, इट्स जस्ट अ गेम.”

ईशाचं चूक नव्हतं, तिच्या वयाला तसंच दिसणार. पण मला ते तसं वाटत नव्हतं. लीगमध्ये तळाला राहिलेला संघ बाहेर जायचा आणि त्याची शुक्रवारची मैदानाची वेळ दुसऱ्या संघाला मिळायची. वेळेसाठी थांबलेल्या संघांची यादी लांब होती. एकदा वेळ गेली की टीम मोडली, हे सगळ्यांना माहीत होतं. आणि टीम मोडली की ही माणसं एकमेकांना परत कुठे भेटणार होती? कंपनीच्या बसमधून उतरणारा इंजिनियर आणि दुकानात गोणी उतरवणारा माणूस या शहरात गल्ल्याच्या दोन बाजूंना भेटतात. शुक्रवारी सकाळचे चार तास सोडले, तर बापटसाहेबांना इक्बालने ‘साहेब, धाव!’ म्हणून ओरडण्याची दुसरी जागा नव्हती.

पाचव्या सामन्यात बापटसाहेब तिसऱ्या चेंडूवर त्रिफळाचित झाले. तो दिवस मी विसरलेले नाही. जानेवारीची थंडी होती, मैदानावर धुकं होतं, तंबूत बायका थर्मासमधला चहा ओतत होत्या. मी वहीत नोंद केली आणि शेजारच्या संघाच्या गुणलेखकाला हिंदीत म्हणाले, “इनको अब घर बैठना चाहिए. टीम इनकी वजह से डूब रही है.”

मागे चहाचा कप घेऊन माधवी उभी होती. माधवी बापट. बारा वर्षांची माझी मैत्रीण. मी कुवेतला आले तेव्हा मला भाजी कुठे मिळते, इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, कसा काढायचा, कुठल्या डॉक्टरला मराठी कळतं, हे सगळं तिने शिकवलं होतं. दिवाळीच्या चकल्या आम्ही तिच्याच ओट्यावर पाडायचो. तिने कप माझ्या टेबलावर ठेवला, जरासुद्धा न हिंदकळवता, आणि गाडीत जाऊन बसली. त्यानंतर दोन महिने ती माझ्याशी कामापुरतंही बोलली नाही.

मला वाईट वाटलं का? वाटलं. मत बदललं का? नाही. मनाशी म्हटलं, खरं तेच बोलले. आज मागे वळून पाहताना त्या वाक्यातला पहिला अर्धा भाग मला अजूनही बरोबर वाटतो. दुसऱ्या भागाबद्दल पुढे सांगते.

सहावा सामना हरलो. सातवाही हरलो. चार सामने उरले होते, आणि त्यातले निदान तीन तरी जिंकल्याशिवाय तळातून वर येणं शक्य नव्हतं.

त्याच आठवड्यात दाताच्या डॉक्टरकडे जायला मी रिग्गईला गेले होते. अर्धं तोंड बधिर, एका हातात रुमाल, अशा अवस्थेत मी इक्बालचं दुकान शोधून काढलं. तीन पावलं रुंदीचं दुकान. दारात पाण्याच्या बाटल्यांचे गठ्ठे, आत छतापर्यंत डबे, गल्ल्यामागे स्टुलावर इक्बाल. मैदानावर मान वर करून चालणारा माणूस इथे वेगळाच दिसत होता, लहान झाल्यासारखा. मला बघून तो घाईने उभा राहिला.

“वैनी! तुम्ही हितं? बसा, बसा.” बसायला एक क्रेट पुढे सरकवला. लबनची, म्हणजे ताकाची, बाटली फोडून हातात दिली.

“बसायला नाही आले,” मी बधिर तोंडाने म्हणाले. “तू शुक्रवारी उशिरा का येतोस, ते विचारायला आले.”

त्याने बाटलीचं झाकण गल्ल्यावर ठेवलं. मग त्याने दाराकडे बोट दाखवलं. “खुबूस.”

खुबूस म्हणजे इथली रोजची गोल रोटी. बेकरीची गाडी पहाटे येते. कधी साडेपाचला, कधी सातला, वेळेचा नेम नाही. शटर उघडं दिसलं नाही तर गाडी थांबत नाही, पुढे निघून जाते. आणि शुक्रवारी सकाळी अख्ख्या गल्लीला नाश्त्याला खुबूस लागतो. दुकानाचे मालक केरळचे, म्हातारे, गुडघ्यांनी बेजार. ते आठला खाली उतरतात. म्हणून गाडी येईपर्यंत कुणीतरी विश्वासाचं माणूस शटर अर्धं वर करून उभं असायला हवं.

“खुबूस उतरवून घेतो, मग जी गाडी मिळंल तिच्यातून येतो,” इक्बाल म्हणाला. “मालक चांगला माणूस आहे, वैनी. मॅचला जा बोलतो. पण खुबूस चुकला तर गिऱ्हाईक तुटतं, त्याला काय बोलणार?”

“हे सुधीरला का नाही सांगितलंस?”

“सुधीरभाईंनी विचारलं नाय. आणि मी सांगायचं कसं? मला वर खेळवा म्हणून? साहेब आहेत ना वर.”

मी त्या क्रेटवर बसले. मला खरं सांगायला हवं: मी इक्बालला मनातून बेफिकीर समजत होते. इतका चांगला खेळतो पण वेळेवर यायची शिस्त नाही, असं मी माधवीला एकदा म्हटलंही होतं. चाळीस वर्षं सामने पाहिलेल्या माझ्या नजरेला खुबूसची गाडी दिसली नव्हती. कारण ती मैदानाच्या बाहेर होती.

घरी येऊन मी सुधीरशी भांडले. भूल उतरली होती, त्यामुळे व्यवस्थित भांडता आलं.

“मॅनेजर म्हणजे पाणी आणणारा नव्हे,” मी म्हणाले. “मॅनेजर म्हणजे कोण कुठून कसा येतो हे माहीत असलेला माणूस. आणि कॅप्टनला खाली बस म्हणू शकणारा माणूस.”

सुधीरने माझ्यासमोर खुर्ची ओढली. मग म्हणाला, “मी पहिल्यांदा इथे उतरलो तेव्हा विमानतळावर मला घ्यायला बापटसाहेब आले होते. कंपनीने गाडी पाठवायला हवी होती, ती आलीच नाही. मी चार तास बाकावर बसून होतो. ते स्वतःच्या गाडीने आले, घरी नेलं, माधवीवहिनींनी पिठलं-भात वाढला. त्या माणसाला मी कोणत्या तोंडाने सांगू, की उद्यापासून तुम्ही खेळू नका?”

आमच्या टीमचं सगळं व्यवस्थापन एका पिठलं-भातावर चाललेलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं. आणि त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. परक्या देशात पहिल्या दिवशी जो पोटभर वाढतो त्याचं नाव यादीतून खोडायला हात उचलत नाही. पण खोडायला लागणार होतं.

“मग मी सांगते,” मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता मी बापटांच्या घरी गेले. दार माधवीने उघडलं. चेहरा कोरा. ‘या’ म्हणाली. बारा वर्षांत पहिल्यांदा अहो-जाहो! बापटसाहेब सोफ्यावर चष्मा लावून काहीतरी वाचत होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, न थांबता, कारण थांबले असते तर पुढचं बोलता आलं नसतं. त्यांचे त्या हंगामातले सगळे डाव सांगितले. गणेशचं दमणं सांगितलं. इक्बाल, खुबूस, म्हाताऱ्या मालकाचे गुडघे, सगळं. शेवटी म्हणाले, “बापटसाहेब, तुम्ही बाजूला झालात तर टीम वाचेल.”

माधवी आत निघून गेली. भांडी जोरात वाजली.

बापटसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “शैला,” ते म्हणाले, “गेली दोन वर्षं मला चेंडू अर्ध्यात येईपर्यंत दिसत नाही. हे तुला वहीत दिसलं, मला पट्टीवर उभं राहून दिसतंय. तुला काय वाटलं, मला माहीत नसेल?”

“मग?”

“मग काय. जूनमध्ये मी निवृत्त होतोय. व्हिसा संपणार, सामान बांधणार, पुण्याला जाणार. तिथे मला सकाळी सहाला कुणी हाक मारणार नाही. म्हणून हा एक हंगाम ओढत होतो.” ते थोडे थांबले. “चहा घेणार?”

मी नको म्हणाले. त्या चहासाठी मी थांबले नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

गुरुवारी संध्याकाळी सुधीरचा फोन वाजला. पलीकडून बापटसाहेब. सुधीर नुसता ‘हो साहेब, हो साहेब’ करत होता. फोन ठेवल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलं. “उद्या पहाटे पावणेसहाला रिग्गईला जाऊन इक्बालला घेऊन यायचं म्हणाले. दुकानाचं मी बघतो म्हणाले.”

“बघतो म्हणजे?”

“तेच म्हणाले. बघतो.”

शुक्रवारी सुधीर इक्बालला घेऊन सव्वासहाला मैदानावर हजर झाला. दोघांचेही चेहरे बघण्यासारखे होते. रिग्गईच्या त्या दुकानाचं शटर अर्धं वर होतं आणि खाली स्टूल टाकून, टीमची निळी टोपी घालून बापटसाहेब बसले होते. त्यांनी आदल्या दिवशीच जाऊन मालकाची परवानगी घेतली होती. विकायचं काही नाही, दुकान मालकच येऊन उघडणार; आपण फक्त खुबूस आत घ्यायचा. तीस वर्षं तेलाच्या प्रकल्पांवर काम केलेला, शंभर माणसं हाताखाली असलेला इंजिनियर तिथे रोटीच्या गाडीची वाट बघत बसला होता.

“मी बोललो, साहेब, राहू द्या, लाज वाटते,” इक्बाल पॅड बांधता बांधता मला सांगत होता. “तर बोलले, मुकादम, लाज कसली? जा, नवीन चेंडू खेळ.”

दोघं दुकानातून निघताना साहेबांनी सुधीरच्या हातात एक कागद दिला होता. त्यावर त्यांच्या सुबक अक्षरात अकरा नावं होती. त्यांचं स्वतःचं बारावं. आणि पहिल्या नावापुढे कंसात लिहिलं होतं: कर्णधार. पहिलं नाव इक्बाल मुकादम.

टीममधला एक इंजिनियर कागद वाचून सुधीरला बाजूला घेऊन म्हणाला, “सलामीला ठीक आहे, पण कॅप्टन? त्यांना फील्ड लावता येईल का?” तो हळू बोलला, पण मैदान मोकळं होतं आणि वारा आमच्या दिशेने होता. इक्बालने ऐकलं. मान खाली घातली. तेव्हा सुधीर, माझा कुणाला नाही न म्हणू शकणारा नवरा, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “ज्याला हे मान्य नसेल त्याने आज तंबूत बसावं. मी दहा माणसांनी खेळवीन.” कुणी तंबूत बसलं नाही.

त्या दिवशी इक्बालने सलामीला पन्नासच्या वर धावा केल्या. गणेशला त्याने दोन षटकं सुरुवातीला दिली आणि दोन शेवटाला राखून ठेवली. हे मी सुचवलेलं नव्हतं. त्याचं त्यालाच दिसलं होतं. बापटसाहेब साडेआठला पोचले तेव्हा त्यांच्या शर्टाला खुबूसचं पीठ लागलेलं होतं आणि धावफलक बघून त्यांनी टोपी डोळ्यांवर ओढून घेतली. आम्ही जिंकलो. पुढचा शुक्रवारही जिंकलो. त्यानंतरचा हरलो, कारण झेल सुटले. त्यावर माझं वेगळं मत आहे, पण ते राहू दे. दर शुक्रवारी साहेब आधी रिग्गईला जात होते. गल्लीतली माणसं त्यांना ओळखायला लागली होती. एका मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, आजोबांनी तर त्यांना नवीन मालक समजून अंड्यांची तक्रार केली म्हणे.

शेवटचा सामना मार्चअखेरीला आला. जिंकलो तर लीगमध्ये, हरलो तर बाहेर. वाऱ्याबरोबर धूळ उठली होती, आकाश चहाच्या रंगाचं झालं होतं. पहाटेच आमच्या एका खेळाडूला प्लांटवरून बोलावणं आलं आणि आम्ही दहाच उरलो. बारावं नाव रिग्गईला स्टुलावर बसलेलं. आम्ही दहाजणांनी क्षेत्ररक्षणाला सुरुवात केली. आठ वाजून गेल्यावर साहेबांची गाडी आली. डिकीत पांढरे कपडे होतेच. ते धावत मैदानात शिरले आणि सवयीने स्लिपकडे निघाले. इक्बालने हाक मारली, “साहेब, तिकडं नको. मिडऑनला या.” ते थबकले, वळले, आणि त्याने दाखवलेल्या जागी जाऊन उभे राहिले. वीस वर्षांत त्यांना मैदानावर कुणी जागा दाखवली नव्हती.

आमच्या फलंदाजीत शेवटच्या षटकात सहा धावा हव्या होत्या. इक्बाल सुरुवातीपासून उभा होता. पहिल्या चेंडूवर त्याने चौकार मारला. दुसऱ्यावर एक धाव निघाली. दोन्ही संघांच्या धावा सारख्या झाल्या. आता एकच हवी होती. समोर गणेश. त्याने डोळे मिटून बॅट फिरवली आणि झेल देऊन परत आला. येताना रडत होता, पस्तिशीचा बाप्या. शेवटची जोडी. बापटसाहेब पट्टीवर गेले.

माझ्या हातातली पेन्सिल ओली झाली होती. शेजारी कुणीतरी येऊन उभं राहिलं. बघायला मान वळवली नाही. चौथा चेंडू. साहेबांची बॅट खाली येईपर्यंत चेंडू यष्टिरक्षकाच्या हातात गेलेला होता. दुसऱ्या टोकाकडून इक्बाल जवळ आला, साहेबांच्या कानाशी काहीतरी बोलला. त्याने काय सांगितलं ते मी नंतर विचारलं. तो म्हणाला होता, “साहेब, बॅटचं नका बघू. पाय पुढं टाका आणि मी ओरडलो की पळा.”

पाचवा चेंडू. साहेबांनी पाय पुढे टाकून बॅट फिरवली. चेंडू पॅडवर आदळून बाजूला गेला. सगळे पायचीतसाठी ओरडले, पंचांनी मान हलवली, आणि त्या गोंगाटातून इक्बालचा आवाज आला, “साहेब, धाव!” चौपन्न वर्षांचा माणूस धावला. पूर्ण वेळ सरळ समोर बघत, कोपर बाहेर काढून, शाळकरी मुलासारखा. फेकलेला चेंडू यष्टींना चाटून गेला, पण बेल्स पडल्या तेव्हा बॅट रेषेच्या आत होती.

लेगबाय. बॅटला न लागता पायाला लागून मिळालेली धाव. ती कुणाच्याच नावावर चढत नाही, अवांतर धावांत जाते. मी ती तिथे लिहिली.

“किती केल्या त्यांनी?” शेजारून आवाज आला. माधवी होती.

“शून्य.”

“बाद?”

“नाबाद.”

तिने वहीत वाकून तो आकडा पाहिला आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. मग मीही. हसता हसता दोघींच्या डोळ्यांतून पाणी आलं. धूळही बरीच होती.

बापटसाहेब जूनमध्ये पुण्याला गेले. इक्बाल अजून आमचा कर्णधार आहे. बेकरीच्या गाडीसाठी आता खेळाडूंच्या पाळ्या लागतात, सगळ्यांच्या, इंजिनियरांच्यासुद्धा, आणि पाळ्यांचा तक्ता सुधीर करतो. माझ्या मते ही आमच्या टीमने केलेली सर्वांत चांगली संघनिवड आहे. ती मला सुचली नव्हती. ज्याला मी घरी बसवायला निघाले होते त्याला सुचली. टीम त्यांच्यामुळे बुडते आहे, हे माझं वाक्य तेवढं चुकीचं होतं. सलामीबद्दल मात्र मी बरोबर होते, हेही इथेच नोंदवून ठेवते.

त्या शेवटच्या शुक्रवारी सामना संपल्यावर मैदान भराभर रिकामं झालं. नमाजेची वेळ होत आली होती आणि इक्बालला मशिदीत सोडायला पाच गाड्या पुढे आल्या. तो साहेबांच्या गाडीत बसला. मागे आम्ही दोघीच राहिलो, मॅट गुंडाळायला. काथ्याची ती मॅट जड असते, दोन टोकांनी दोघांनी धरून ओढावी लागते.

माधवी म्हणाली, “तू बरोबर होतीस.”

मी मॅटवरची धूळ झटकली.

“पण परक्या माणसाला सांगायच्या आधी मला सांगायचं होतंस. मी त्यांना सांगितलं असतं.”

त्या अख्ख्या हंगामात माझं प्रत्येक गोष्टीवर मत होतं. फलंदाजीच्या क्रमावर, गोलंदाजीच्या बदलांवर, सुधीरवर, सगळ्यांवर.

“हो,” मी म्हणाले. “तुला सांगायला हवं होतं.”

तिने मान हलवली, खाली वाकून मॅटचं एक टोक उचललं, आणि मी दुसरं.